शाळेतील निबंध आणि शाळेबाहेरचा वाचक

मराठीत ‘निबंध’ हा एकच शब्द दोन अगदी भिन्न वस्तूंस लावण्याचा प्रघात पडला आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्यांनी १८७४ च्या जानेवारीत ‘निबंधमाला’ काढली आणि पुढे तिचे ८४ अंक जवळजवळ एकहाती लिहून काढले. त्यांत जे असे तो निबंध. आणि आठवी-नववीच्या मुलाने घड्याळाकडे डोळा ठेवून ‘माझा आवडता ऋतू’ ह्या विषयावर वीस-पंचवीस ओळींत जे उतरून काढावयाचे, तोही निबंधच. पहिल्यासाठी लोक वर्गणी भरीत. दुसरा लिहिणाऱ्यास नकोसा असतो, तपासणाऱ्यास त्याहून नकोसा असतो, आणि लाल शाईने गुण मांडून झाले की त्याची रद्दी होते. गंमत अशी की, दहावीच्या मुलांसाठी तयार निबंधांची जी मार्गदर्शक पुस्तके बाजारात खपतात, त्यांतील कित्येकांच्या मुखपृष्ठावर ‘निबंधमाला’ हेच नाव छापलेले असते. शास्त्रीबोवांच्या शब्दाची ही परवड पाहून हसावे की रडावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. वयाचा व विद्वत्तेचा फरक आहेच, तो कोण नाकारतो? परंतु आमच्या मते ह्या दोहोंतील अंतराचे मोठे कारण वाचक हे आहे. शास्त्रीबोवांना वाचक होता. शाळेतल्या मुलास परीक्षक असतो. परीक्षकास मजकुरातून काही जाणून घ्यावयाचे नसते. लिहिणाऱ्यास काय येत नाही तेवढेच पाहावयाचे असते.

हा विषय आमच्यापुढे आला तो चिंचवड येथील एका विद्यालयात मराठी शिकविणाऱ्या बाईंच्या एका प्रश्नावरून. आपल्या नववीच्या मुलांचे लेखन वर्गाच्या वहीत कोंडून न ठेवता ते इंटरनेटवर सर्वांसाठी खुले करावे की नाही, म्हणजे ज्यास ब्लॉग म्हणतात व ज्यास मराठीत कोणी ‘अनुदिनी’ असे सुरेख नाव दिले आहे तो वर्गासाठी सुरू करावा की नाही, असे त्यांनी आम्हास विचारले. चिंचवड म्हटले की जुन्या माणसास मोरया गोसावींची समाधी आणि पवनेचा घाट आठवतो. परंतु १९५४ साली शेजारी पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, त्यामागून मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि आज तेथल्या वर्गात बीडकडचा, जळगावकडचा आणि बिहारकडचा मुलगा एका बाकावर बसलेला असतो. बाईंचा अनुभव असा की, वहीत दोन ओळींच्या पुढे न सरकणारी हीच मुले रात्री आपल्या मित्रमंडळीस मोबाइलवर पानेच्या पाने लिहून पाठवितात. म्हणजे लिहिण्याची हौस मेलेली नाही. ती शाळेबाहेर नांदते आहे.

मग अडचण ती कोणती? बाईंनी ती एका उदाहरणाने सांगितली, आणि ते उदाहरण आम्हास फार मोलाचे वाटले. त्या वर्गातील सर्वांत चांगला निबंध एका मुलीचा होता. वडिलांचे काम सुटल्यावर घरात पहिला महिना कसा गेला, आई दुकानदाराशी कोणत्या शब्दांत बोलू लागली, धाकट्या भावास काय सांगितले गेले, हे तिने घरच्या बोलीत, एकही अलंकार न वापरता लिहिले होते. हा निबंध चांगला का, तर तो खरा होता. आणि खरा होता म्हणूनच तो चव्हाट्यावर ठेवण्याची बाईंस भीती वाटली. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध जगभर पसरला तरी कोणाचे काही बिघडत नाही, आणि कोणी तो वाचीतही नाही. ज्या लेखनास वाचक मिळावा असे वाटते, त्याच लेखनास वाचकापासून जपावेही लागते. ह्या पेचास नव्या यंत्राने जन्म दिलेला नाही. मराठी गद्याइतकाच तो जुना आहे, आणि त्याचा थोडा इतिहास पाहिला तर बाईंच्या प्रश्नास काही आधार मिळेल असे आम्हास वाटते.

विद्यार्थ्यांनी लिहावे व ते परक्यांनी वाचावे ही कल्पना इंटरनेटबरोबर आपल्याकडे आली, अशी कित्येकांची समजूत दिसते. ती खरी नाही. १८४८ साली मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी व तरुण शिक्षक ह्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ ही संस्था स्थापिली; देशी भाषांत काम करणाऱ्या तिच्या शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा. ह्या मंडळींतील दादाभाई नौरोजी त्या वेळी अवघे २२ वर्षांचे होते. सभेत निबंध वाचले जात, आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकाच्या द्वारे तसले निबंध छापून लोकांपुढे येऊ लागले. येथे एक क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. निबंध आधी सभेत मोठ्याने वाचावयाचा. ऐकणारे ओळखीचे, बरोबरीचे, तोंडावर चूक सांगणारे. आणि मग छापखाना. आजचे यंत्र नेमके हे मधले दालन वगळून लेखकास अंगणातून थेट हमरस्त्यावर नेऊन सोडते. त्या पोरसवदा मंडळींनी पुढच्याच वर्षी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, हेही सांगितले पाहिजे. निबंध वाचणे हा त्यांचा नुसता वाग्विलास नव्हता.

परंतु आमच्या विषयाचे खरे उदाहरण मुंबईचे नव्हे, पुण्याचे आहे, आणि ते विद्यार्थ्याचे नसून एका विद्यार्थिनीचे आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ताबाई नावाची मांग समाजातील मुलगी, वय सुमारे १४, हिने ‘मांग-महारांच्या दुःखाविषयी’ निबंध लिहिला, आणि तो ‘ज्ञानोदय’ पत्राने १८५५ च्या १५ फेब्रुवारीच्या व १ मार्चच्या अंकांत दोन भागांनी छापला. म्हणजे ‘निबंधमाले’चा पहिला अंक निघण्यापूर्वी १९ वर्षे. मराठी निबंधाचा इतिहास शिकविताना आम्ही प्राध्यापक मंडळी बहुधा शास्त्रीबोवांपासून, फार तर लोकहितवादींपासून प्रारंभ करतो. ह्या मुलीचे नाव पाठ्यक्रमात शिरावयास शंभरावर वर्षे लागली.

त्या निबंधात काय आहे? वेद हे एका वर्णाचेच धन असेल, आणि आम्ही ते पाहावयाचेही नसतील, तर आमचा धर्म कोणता, हा प्रश्न ती थेट देवालाच करते. पेशवाईत तालीमखान्यापुढून गेलेल्या मांग-महाराची काय गत होई, मोठ्या इमारतींच्या पायांत माणसे कशी पुरली जात, हे ती सांगते. आपल्या जातीच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्यावर छप्परही नसते, हे ती लिहिते. आणि हे वाक्य लिहिणारी स्वतः त्याच वस्तीतली आहे, हे ध्यानात आल्यावर वाचकाच्या अंगावर काटा येतो. शेवटी ती आपल्या लोकांस शिका म्हणून विनविते. ह्या निबंधास दहापैकी किती गुण द्यावे असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर काय द्यावे? येथे गुण देणे हेच हास्यास्पद होऊन जाते. निबंध शाळेतल्या मुलीचा आहे, त्यात शाळेत शिकलेली वाक्यरचना आहे. परंतु जे सांगावयाचे ते कोणी घालून दिलेले नाही, आणि ज्यांस सांगावयाचे ते वर्गात बसलेले नाहीत. देव, राज्यकर्ते, ब्राह्मण आणि स्वजातीय असे चार वाचक त्या मुलीने कल्पिले, आणि त्या कल्पनेनेच तिच्या वाक्यांत बळ आले.

ही एका बाजूची गोष्ट झाली. दुसऱ्या बाजूने पाहता शिक्षकास विचार करावयास लावील असे पुष्कळ आहे. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ साली अहमदनगरास काढलेले पत्र. हिंदू धर्माचे दोषदर्शन हा त्या पत्राचा एक उघड हेतू होता, आणि एका मांगाच्या मुलीने केलेले दोषदर्शन त्या हेतूस उत्तम पोषक होते. मुलीचा हेतू एक, तिच्या शिक्षकांचा दुसरा, आणि छापणाऱ्याचा तिसरा. तिघांचे हेतू एका ठिकाणी जुळले म्हणून निबंध छापला गेला व उरला. तो वहीतच राहता तर आज त्याचा मागमूसही नसता. एवढ्यासाठी आम्ही मिशनऱ्यांचे ऋण मोकळ्या मनाने मान्य करू. परंतु छापणाऱ्याचा हेतू तपासून पाहावयाचा असतो, हा धडा तेवढ्याने पुसला जात नाही. आज मुलांचे लेखन फुकट छापून देणाऱ्या ज्या परदेशी कंपन्या आहेत, त्यांस ना धर्मप्रसार करावयाचा आहे, ना विद्याप्रसार. वाचणाऱ्याचे डोळे जितका वेळ पानावर खिळतील तितकी जाहिरात विकता येते, हा त्यांचा हिशेब. मिशनऱ्यास निदान निबंध वाचावा तरी लागत असे!

आणखी एक गोष्ट. मुक्ताबाईस लिहावयास शिकविणाऱ्यांनी स्वतःही लिहिले होते. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह १८५४ चा, म्हणजे ह्या निबंधाच्या आदल्याच वर्षाचा. शाळा चालविण्यासाठी जोतीराव व सावित्रीबाई ह्यांस १८४९ साली वडिलांचे घर सोडावे लागले होते. लोकापवाद म्हणजे काय हे ज्यांनी स्वतः सोसले होते, त्यांच्या शाळेतली मुलगी लोकांपुढे उभी राहिली. मुलांस हमरस्त्यावर धाडून आपण दाराआड राहणाऱ्या शिक्षकाची ही गोष्ट नव्हे. मुक्ताबाईचे दुसरे काही लेखन आज उपलब्ध नाही. पुढे तिने लिहिले नाही, की लिहिलेले कोणी छापले नाही? एक निबंध छापला म्हणजे छापणाऱ्यांचे काम झाले, परंतु लिहिणारीचे झाले असे कसे म्हणावे?

दुसऱ्याचे लेखन छापणाऱ्याने कोठवर जबाबदार राहावे, ह्याचे एक उदाहरण चिंचवडाहून आगगाडीने थोडेच पुढे गेले की सापडते. तळेगाव दाभाडे येथे राष्ट्रीय शिक्षणासाठी समर्थ विद्यालय चालविणारे विष्णू गोविंद विजापूरकर हे आधी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. ‘ग्रंथमाला’ व ‘विश्ववृत्त’ ही त्यांची मासिके. ‘विश्ववृत्ता’त १९०८ साली श्रीपाद दामोदर सातवळेकर ह्यांचा वैदिक प्रार्थनांवरील लेख आला, त्यात सरकारास राजद्रोह दिसला, आणि लेख दुसऱ्याचा असूनही संपादक म्हणून विजापूरकरांस तुरुंगवास भोगावा लागला. पुढे विद्यालयही सरकारने बंद केले. ते पुन्हा उघडावयास १९१८ साल उजाडले. त्याच्याही आधी खात्याचे ‘शालापत्रक’ विष्णुशास्त्र्यांच्या हातून १८७५ साली बंद झाले होते. खात्याच्या पैशाने चालणाऱ्या पत्रात खात्यास न रुचणारे लिहिले की काय होते, हे तेव्हाच कळून चुकले होते. असो. राजद्रोहाचे दिवस गेले. परंतु वर्गाच्या नावाने जे प्रसिद्ध होईल त्याबद्दल जाब विचारला गेला तर उत्तर मुलाने नव्हे, शिक्षकाने द्यावयाचे, हा नियम गेलेला नाही, आणि जाऊही नये.

लेखनाचा वाचक लेखकाच्या हाती राहत नाही ह्याची साक्ष तर प्रत्यक्ष चिंचवडच देईल. रँडवरील १८९७ च्या हल्ल्यानंतर पकडले गेलेले दामोदर हरि चापेकर मूळचे चिंचवडचे. त्यांनी कैदेत आपले आत्मवृत्त लिहिले. ते वाचणारे पोलीस होते. १८९८ च्या एप्रिलात त्यांस फाशी झाली, आणि तेच आत्मवृत्त १९७४ साली पुस्तकरूपाने मराठी वाचकांच्या हाती पडले. शत्रूसाठी लिहिलेले पाऊणशे वर्षांनी स्वकीयांनी वाचले. नववीतल्या मुलाच्या लेखनाची ह्याच्याशी तुलना करणे कोणास अतिरेकी वाटेल. परंतु आज इंटरनेटवर ठेवलेला मजकूर उद्या नोकरी देणारा, परवा सोयरिक जुळविणारा आणि पुढे कधी तरी वैरी वाचील, हे त्या मुलास चौदाव्या वर्षी कसे उमजावे?

आता ज्या उदाहरणाकडे आम्ही विशेष आदराने पाहतो त्याकडे वळू. १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने नावाचे एक तरुण एम. ए. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले, आणि पुढे शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांजकडे आली. तेथे त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ सुरू केले. हे दैनिक हस्तलिखित असे. साने गुरुजी रात्री बसून ते स्वतःच्या हाताने लिहून काढीत, आणि सकाळी मुले ते वाचीत. जगातल्या घडामोडी, पुस्तकांची ओळख, छात्रालयातल्या वागणुकीविषयी चार शब्द असा त्यातला मजकूर. प्रत एक, वाचक छात्रालयापुरते, आणि अंक रोजचा. अनुदिनी ह्या शब्दाचा अर्थ ‘रोजची’ असा घ्यावयाचा तर मराठी शाळेतली ही पहिल्या प्रतीची अनुदिनी होय. तिला विजेची तार तेवढी नव्हती. पुढे १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिक काढले, ते मात्र छापील, बाहेरच्या वाचकांसाठी.

ह्या दोन प्रकाशनांत आम्हास फार मोठे शहाणपण दिसते. छात्रालयातल्या मुलाची कानउघाडणी, आजारी मुलाची विचारपूस, आदल्या दिवसाचा रुसवा, ह्या गोष्टी चार भिंतींच्या आत जितक्या गोड लागतात तितक्याच त्या भिंतींबाहेर नेल्या की ओशाळवाण्या होतात. जे घरातले ते दैनिकात, जे गावाला सांगण्याजोगे ते मासिकात, असे दोन घेर गुरुजींनी राखले, आणि आतला घेर काही वर्षे नीट चालविल्यावर बाहेरचा घेर घातला. १९३० साली कायदेभंगाच्या चळवळीसाठी त्यांनी शाळा सोडली, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. त्या पुस्तकाची घडण पाहावी: रोज रात्री ओळखीच्या मुलांपुढे बसून एकेक प्रसंग सांगावयाचा. पुस्तक लाखो परक्यांनी वाचले, परंतु त्यातला आवाज छात्रालयातल्या पंचवीस-तीस मुलांशी बोलून बोलून तयार झालेला आहे, असे आम्हास नेहमी वाटत आले आहे. मोठ्या वाचकवर्गाशी बोलता येण्यासाठी आधी लहान वाचकवर्ग लागतो.

त्याच सुमारास, १९२४ च्या आसपास, फ्रान्सच्या दक्षिणेस बार-स्युर-लू नावाच्या खेड्यात सेलेस्तें फ्रेने हा शाळामास्तर असाच काही उद्योग करीत होता. महायुद्धात फुप्फुसास जखम झाल्यामुळे त्यास फार वेळ मोठ्याने बोलवत नसे. त्याने वर्गात एक लहानसे हातछापयंत्र आणून ठेवले. मुलांनी आपल्या मनाचे लिहावे, त्यांतून वर्गाने एक निवडावे, मुलांनीच खिळे जुळवावे व छापावे. आणि ते अंक ब्रिटनी प्रांतातल्या त्रेगँक गावच्या शाळेस पाठवावे, तिकडच्यांनी आपले धाडावे. समुद्राकाठच्या मुलांनी डोंगरातल्या मुलांचे वाचावयाचे. वाचक परका खरा, परंतु समवयस्क, आणि तोही स्वतः लिहिणारा! नंतर फ्रेने सेंत-पॉल गावी बदलून गेला. तेथे १९३२ च्या अखेरीस त्याच्या विरोधकांच्या हाती एका मुलाचा छापलेला मजकूर लागला. मुलाने आपले स्वप्न लिहिले होते. स्वप्नात त्याने गावच्या नगराध्यक्षाचा खून केला होता. विरोधकांनी तो मजकूर मोठ्या कागदावर छापून गावच्या भिंतींवर डकविला, मास्तर मुलांस बंडखोरी शिकवितो अशी ओरड केली, वर्तमानपत्रांत ते गाजले, आणि १९३३ साली फ्रेनेस ती शाळा सोडावी लागली. पोराचे स्वप्न ते! आमच्यापैकी कोणी वर्गशिक्षकाचा नाही तर मुख्याध्यापकाचा काटा स्वप्नात काढला नाही? परंतु वर्गात हसून सोडून द्यावयाची ती गोष्ट भिंतीवर चढताच गुन्हा झाली. फ्रेनेने छापयंत्र मात्र टाकले नाही. १९३५ साली व्हांसला त्याने स्वतःची शाळा उघडली आणि तेथेही मुले छापीत राहिली.

ह्या सगळ्यावरून कोणी असे म्हणेल की, मग मुलांनी वहीतच लिहावे हे बरे. आम्ही तसे म्हणत नाही. वहीतल्या निबंधाची दशा वर सांगितलीच आहे. आणि आता तर ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध यंत्रच क्षणार्धात, निर्दोष शुद्धलेखनासह लिहून देते. परीक्षकासाठी लिहावयाचे ते यंत्राने लिहिले काय आणि मुलाने मार्गदर्शकातून उतरले काय, सारखेच. आई दुकानदाराशी कशी बोलली हे मात्र त्या मुलीवाचून कोणास ठाऊक नाही. ते सांगावेसे वाटावे असा वाचक तिला हवाच.

भाषेचा प्रश्न ह्यातच येतो. बाईंस आणखी एक धास्ती होती: मुलांच्या ‘व्हतं’, ‘म्या’, ‘काहून’ ह्या शब्दांस परके लोक हसतील, तेव्हा प्रसिद्ध करण्यापूर्वी सगळे शुद्ध करून घ्यावे काय? ज्यांस ही धास्ती वाटते त्यांनी बहिणाबाई चौधरींची आठवण ठेवावी. त्या १९५१ साली वारल्या. त्यांची गाणी पुत्र सोपानदेव ह्यांनी जपली व १९५२ साली ती पुस्तकरूपाने निघाली, ती खानदेशच्या बोलीत, होती तशी. कोणा सुधारकाने त्यांवर पुणेरी इस्त्री फिरविली असती तर त्यांत काय उरले असते, हे सांगावयास नको. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बाईंनी अवश्य सुधाराव्या. बोलीस मात्र हात लावू नये.

बाईंस आम्ही जे कळविले ते थोडक्यात असे. पहिले सहा महिने ब्लॉग नको. वर्गाच्या भिंतीवर हस्तलिखित दैनिक लावावे, आणि त्यात पहिल्या पंधरवड्यात बाईंनी स्वतः लिहावे. मुलांस वाचले जाण्याची सवय आणि वाचणाऱ्यास सभ्यपणाची सवय, दोन्ही तेथेच लागतात. मग दूरच्या एखाद्या शाळेशी, अमळनेरची असली तर उत्तमच, अंकांची देवघेव करावी. त्यानंतर ज्यांस इच्छा असेल त्यांचेच लेखन जगापुढे ठेवावे. तेथेही मुलाचे संपूर्ण नाव, राहण्याचे ठिकाण, छायाचित्र घालण्याचे काही कारण आम्हास दिसत नाही. गोपाळ हरि देशमुखांसारख्या सरकारी नोकराने १८४८ पासून ‘प्रभाकरा’त लिहिताना ‘लोकहितवादी’ ह्या नावाचा आडोसा घेतला होता, त्याने शतपत्रांची धार बोथट झाली नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा २०२३ साली संसदेने केला, त्यात १८ वर्षांखालील व्यक्ती मूल समजली आहे, आणि मुलाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. परंतु केवळ कायद्यासाठी म्हणून सही घेऊन येऊ नये. पालकसभेत ज्या निबंधाबद्दल संमती हवी तो निबंध त्या पालकास वाचून दाखवावा. कित्येक घरांत आपले मूल असे लिहिते हे आईबापांस तेव्हाच प्रथम कळेल. आणि दिलेले लेखन पुढे मागे परत घेण्याचा हक्क लिहिणाऱ्यास असावा. मागितले की त्याच दिवशी, कारण न विचारता, ते काढून टाकावे. ह्यातले काहीही सांभाळण्याइतकी सवड बाईंस साठ मुलांच्या वर्गात मिळत नसेल तर भिंतीवरच्या दैनिकावरच थांबावे. साने गुरुजींस कित्येक वर्षे तेवढे पुरले.

राहता राहिला त्या मुलीचा निबंध. तो कोठे जावा हे बाईंनी ठरवू नये, आम्ही तर नाहीच नाही. घरी वडिलांशी बोलून तिनेच ते ठरवावे, आणि तत्पूर्वी तिला मुक्ताबाईचा निबंध वाचावयास द्यावा. तो १४ वर्षांच्या मुलीने लिहिलेला आहे, १४ वर्षांच्या मुलीस एका बैठकीत वाचून होईल इतका लहान आहे, आणि १८५५ साली ज्यासाठी ‘ज्ञानोदया’चे अंक शोधावे लागले असते तो आज तिच्या हातातल्या मोबाइलवर फुकट वाचावयास मिळतो.